पोलाद हरवलं, शिल्प राहिलं

अमेरिकन शिल्पकार रिचर्ड सेरा (१९३८-२०२४) यांनी १९८६ मध्ये माद्रिदच्या रैना सोफिया संग्रहालयासाठी केलेलं ३८ टनांचं पोलादी शिल्प चक्क हरवलं. ते एका खासगी कंपनीच्या गोदामात ठेवलं होतं. कंपनी बुडाली आणि ते चार अवजड ठोकळे कुठे गेले, हे कुणालाच सांगता येईना. सेरा यांनी ते नव्याने करवून दिलं आणि संग्रहालयाने त्याला मूळ कलाकृतीचाच मान दिला. न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात १९८१ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘टिल्टेड आर्क’चं नेमकं उलट झालं. १२० फूट लांब, १२ फूट उंच अशी ही किंचित कललेली पोलादी भिंत मार्च १९८९ मध्ये एका रात्रीत तीन तुकडे करून काढली गेली. तिचं पोलाद जपून ठेवलेलं आहे. सेरा मात्र शिल्प नष्ट झालं असंच म्हणत राहिले. एकीकडे धातू गेला तरी शिल्प आहे, दुसरीकडे धातू असून शिल्प नाही. हा कलावंताचा सोयीस्कर दुटप्पीपणा वाटेल, पण त्यांची कारकीर्द सलग पाहिली की यातली संगती दिसते. सेरा यांची कलाकृती धातूत नसतेच. ती वजन, जागा आणि तिथून चालणारा माणूस यांच्या संबंधात असते. पहिलं शिल्प त्याच संग्रहालयात परत मांडता आलं. दुसऱ्याकडून त्याचा तो चौकच हिरावला गेला.

याची मुळं १९६७ मध्ये सापडतात. गुंडाळणे, वाकवणे, दुमडणे, आधार देणे अशा कृतींची लांबलचक यादी त्यांनी कागदावर लिहून काढली. आधी कृती, मग वस्तू. १९६९ च्या ‘वन टन प्रॉप’मध्ये शिशाचे चार जड पत्रे पत्त्यांच्या बंगल्यासारखे एकमेकांना टेकून उभे आहेत. जोड नाही, झाळ नाही. एक सरकला तर चारही कोसळतील, हे जवळ जाताच शरीराला आधी कळतं, डोक्याला मागाहून.

पण ज्यांना रोज फेडरल प्लाझाच्या चौकातून कामावर जायचं, त्यांनी ‘टिल्टेड आर्क’शी असा संबंध का सोसावा? आक्षेप रास्त आहे. कर्मचाऱ्यांना वळसा पडत होता आणि शिल्प बसवताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मात्र ते हटवावं का, यावरच्या १९८५ च्या सुनावणीत १८० जण बोलले, त्यांतल्या १२२ जणांनी शिल्प राहू द्या असं सांगितलं; तरीही सुनावणी घेणाऱ्या समितीने चार विरुद्ध एक मतांनी ते हलवायचं ठरवलं. माझ्या मते यात सेरा यांचा ताठरपणा होता, पण मोठी चूक न विचारता शिल्प बसवणाऱ्या आणि नंतर विचारूनही न ऐकणाऱ्या सरकारी खात्याची.

कारखान्यात यंत्रं काम करतात, मग कलावंत काय करतो, हा आक्षेप मात्र टिकत नाही. नव्वदच्या दशकातल्या ‘टॉर्क्ड एलिप्स’ शिल्पांत तळाची आणि माथ्याची लंबवर्तुळं सारख्याच मापाची, पण एकमेकांपासून फिरवलेली असतात. पोलादाला असा पीळ द्यायचा कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बऱ्याच शोधानंतर बाल्टिमोरजवळच्या एका जहाजबांधणी कारखान्यात ते जमलं. पाइप जोडणाऱ्या गोदी कामगाराचा हा मुलगा तरुणपणी पोलाद कारखान्यांत राबला होता. यंत्राकडून काय मागायचं, हे त्याला कळत होतं.

बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयात २००५ पासून त्यांची आठ प्रचंड शिल्पं एकाच दालनात कायमची मांडलेली आहेत. तिथे जाणं झालं तर आधी वरच्या सज्जातून पाहू नका. खाली उतरून त्या वळणांतून चाला, नकाशा नंतर बघता येईल.