विहिरीवरची मोटार मोबाईलवर: सिम, वाय-फाय की लोरा?

रात्रीची वीज असली की मोटार चालू करायला अंधारात रानात जावं लागतं. साप-विंचवाची भीती वेगळीच. म्हणून अनेक शेतकरी मोबाईल स्टार्टर बसवतात. पण तो कशावर चालतो, हे घेण्याआधी बघायलाच हवं.

वाय-फाय : घरातले दिवे किंवा दाराजवळच्या बोअरसाठी ठीक. भिंती आडव्या आल्या की सिग्नल पडतो. लांबच्या विहिरीला उपयोग नाही.

झिग्बी, ब्लूटूथ : घरातल्या घरात वापरायचे. झिग्बीला वेगळा हब लागतो.

सिम : विहीर लांब असेल तर सोयीचं. कॉल किंवा मेसेजवर मोटार सुरू होते. मात्र 2जी स्टार्टरमध्ये जिओचं सिम चालत नाही, कारण जिओचं 2जी नेटवर्कच नाही. आधी विहिरीवर उभं राहून कोणत्या कंपनीची रेंज येते ते तपासा, मग सिम घ्या. रिचार्जची तारीखही लक्षात ठेवा.

लोरा : रेंजच नसेल तर. एक यंत्र घरी, एक विहिरीवर. सिम नको, रिचार्ज नको. मोकळ्या रानात किलोमीटरभर सिग्नल जाऊ शकतो. टेकडी आड आली की पल्ला घटतो. म्हणून विक्रेत्याला जागेवर चाचणी घ्यायला लावा.

काहीही घ्या, त्यात पाणी संपल्यावर किंवा एखादा फेज गेल्यावर मोटार बंद करण्याची सोय हवी. नाहीतर मोटार जळते. आणि मोटारीला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा. घरून कुणीतरी बटण दाबलं, तर जिवावर बेतेल.