शालेय ग्रंथालय आणि आक्षेपित पुस्तके

शाळेच्या ग्रंथालयातील एखाद्या पुस्तकावर आक्षेप आला, तर त्याचा निर्णय कोणी आणि कसा करावा? प्रश्न घरगुती दिसतो. परंतु अमेरिकेत तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडवर आयलंड ट्रीज हा शालेय विभाग आहे. १९७५ साली तेथील लोकनियुक्त शाळामंडळाचे तीन सभासद एका पालकसंघटनेच्या परिषदेहून आक्षेपार्ह पुस्तकांच्या याद्या घेऊन परतले. त्यांतील ११ पुस्तके त्यांच्याच शाळांत निघाली. १९७६ च्या फेब्रुवारीत पुस्तके हलविण्याचा हुकूम सुटला. अशा वेळी समिती नेमावी असा आपला नियम आहे, हे शिक्षणाधिकाऱ्यांनी बजावले. तरीही हुकूम कायम राहिला. मंडळाच्या मते ती अमेरिकाविरोधी, ख्रिस्तविरोधी, ज्यूविरोधी आणि अश्लील होती. त्यांत बर्नार्ड मॅलमड यांची 'द फिक्सर' ही कादंबरी होती. लेखक स्वतः ज्यू, आणि विषय झारशाही रशियात एका निरपराध ज्यूचा झालेला छळ! सुटे उतारे पाहून ग्रंथाचा निवाडा केला की असे घडते.

मागाहून चार पालक व चार शाळाकर्मचारी यांची समिती बसली. तिने पाच पुस्तके ठेवावी, दोन काढावी असे सुचविले. उरलेल्यांविषयी तिचा कौल इतका स्पष्ट नव्हता. म्हणजे पुस्तक काढण्यास तिची सरसकट हरकत नव्हती. मंडळाने मात्र कारण न देता नऊ पुस्तके काढली.

पाच विद्यार्थ्यांनी दावा लावला. 'पिको' खटला म्हणून प्रसिद्ध असलेल्या या प्रकरणात १९८२ च्या जूनमध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी भेद केला तो असा : अभ्यासक्रम सक्तीचा असतो, तेथे मंडळास विस्तृत अधिकार आहे, ग्रंथालयात मूल स्वेच्छेने जाते. पुस्तक सर्वस्वी बीभत्स किंवा शिक्षणास अयोग्य असेल, तर ते काढता येईल; केवळ त्यातील विचार नावडतात म्हणून नव्हे. या घटनात्मक मुद्द्यावर मात्र पाच न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही, म्हणून वाद तेथे अद्यापि मिटलेला नाही.

अमेरिकन ग्रंथालय संघाने या कामी सांगितलेली रीत मला शहाणपणाची वाटते. तक्रार लेखी घ्यावी. समितीने पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचावे. निर्णय होईतो ते फडताळातच राहावे. पालकाने आपल्या पाल्यापुरते ठरवावे, इतरांच्या मुलांसाठी नव्हे.

आयलंड ट्रीजच्या मंडळाने खटला पुढे लढविला नाही. त्याच वर्षी पुस्तके परत आली. ती नेणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी कळवावे, ही अट आरंभी होती. १९८३ साली तीही गेली.