‘फोन कनेक्ट होतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

कॅसेट गेली, तिच्या मागोमाग सीडीही गेली, तरी गाडीच्या डॅशबोर्डमधल्या त्या चौकोनाला आपल्याकडे अजून ‘टेप’च म्हणतात. गॅरेजवाला म्हणतो, ॲक्सेसरीवाला म्हणतो, आणि टेपरेकॉर्डर कधी डोळ्यांनी न पाहिलेली माझी भाचीसुद्धा म्हणते. तिला पहिली गाडी घ्यायची होती, जुनीच. मामाला गाड्यांतलं कळतं असा घरात एक गैरसमज आहे, त्यामुळे मागच्या उन्हाळ्यात सलग तीन रविवार मी तिच्याबरोबर पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या दुकानांतून हिंडलो.

दुसऱ्या रविवारी एक पांढरी सेडान मनात भरली. एजंट तिच्या बॉनेटवर हात ठेवून सांगत होता, “काका, टॉप मॉडेल. टच आहे, ब्लूटूथ आहे, रिव्हर्स कॅमेरा आहे. फोन कनेक्ट होतो.” भाचीने पर्समधून केबल काढली आणि फोन लावला. फोन चार्ज व्हायला लागला, पडद्यावर गाण्यांची यादी आली. नकाशा मात्र काही केल्या येईना. दहा मिनिटं खटपट करून ती म्हणाली, “मामा, हा नुसताच कनेक्ट होतोय.”

“मॅडम, मी तेच तर म्हणालो,” एजंट म्हणाला.

आणि त्यात खोटं काही नव्हतं. गाडीच्या बाजारात ‘फोन कनेक्ट होतो’ या तीन शब्दांत निदान पाच वेगवेगळ्या गोष्टी मावतात. ऑक्सची वायर लावून गाणी वाजवणं हे कनेक्ट. ब्लूटूथवर कॉल घेणं हे कनेक्ट. यूएसबीतून गाणी वाचणं हेही कनेक्टच. फोनचा पडदा जसाच्या तसा गाडीच्या पडद्यावर उमटवणं, म्हणजे मिररिंग, हे चौथं. भाचीला हवं होतं ते पाचवं: अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले. कंपन्यांच्या माहितीपत्रकात आणि काही गाड्यांच्या मेनूत त्याला ‘फोन प्रोजेक्शन’ म्हणतात.

या पाचव्यात सगळा स्वयंपाक फोनच्या आत होतो, गाडीचा पडदा म्हणजे नुसतं वाढलेलं ताट. नकाशा फोन काढतो, रस्ता फोन ठरवतो, गाणं फोन शोधतो आणि तयार चित्र गाडीकडे पाठवतो. पडद्यावर बोट टेकवलं की कुठे टेकवलं एवढा निरोप उलट फोनकडे जातो. मिररिंगपेक्षा हे वेगळं, कारण इथे फोनचा पडदा जसाच्या तसा येत नाही. चालवताना बघायला सोपी, मोठ्या चिन्हांची वेगळी मांडणी येते आणि ठरावीकच ॲप्स दिसतात. चालत्या गाडीत सिनेमा दिसत नाही, आणि तो दिसत नाही म्हणून तक्रार करणारे आमच्या नात्यातही आहेत.

एवढा आटापिटा कशासाठी, असं वाटू शकेल. गाडीत स्वतःचा नकाशा असतोच की! असतो, पण बऱ्याच गाड्यांत तो एका मेमरी कार्डात असतो आणि कार्ड जिथे थांबलं तिथेच जग थांबतं. २०१८ सालच्या कार्डाला समृद्धी महामार्ग ठाऊक नाही, अटल सेतू ठाऊक नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये खुला झालेला चांदणी चौकाचा नवा गुंता तर पुणेकरांनाही अजून पुरता उमगलेला नाही, त्या बिचाऱ्या कार्डाला कुठून उमगणार? फोन मात्र रोज ताजा होतो. गाडी आपण आठ-दहा वर्षं वापरतो आणि फोन तीन-चार वर्षांत बदलतो. म्हणून शहाणपण फोनमध्ये ठेवावं आणि गाडीने नुसता पडदा द्यावा, हा या तंत्रामागचा हिशेब.

हा हिशेब सुचलेली पहिली कंपनी ॲपल किंवा गूगल नव्हे. नोकियाच्या प्रयोगातून आलेलं ‘मिररलिंक’ आधीचं. २०११ मध्ये त्यासाठी गाडी आणि फोन कंपन्यांचा संघही उभा राहिला. ॲपलने कारप्ले मार्च २०१४ मध्ये जिनीव्हाच्या मोटार प्रदर्शनात आणलं, गूगलने अँड्रॉइड ऑटो त्याच वर्षी जूनमध्ये जाहीर केलं आणि ते २०१५ मध्ये वापरात आलं. त्यानंतर मिररलिंक मागे पडत गेलं. सॅमसंगने जून २०२० पासून त्याची साथ सोडली. आज एखाद्या जुन्या गाडीच्या जाहिरातीत ‘मिररलिंक आहे हो’ असं अभिमानाने लिहिलेलं दिसलं, तर त्याचा अर्थ ‘दाराला कुलूप आहे, किल्ली बनवणारा गेला’ असा घ्यावा.

आपल्याकडे खरा घोळ आहे तो साधारण २०१५ ते २०१९ या काळातल्या गाड्यांचा, आणि जुन्या बाजारात बजेटमध्ये बसतात त्या नेमक्या याच. त्या वर्षांत टचस्क्रीन बसवण्याची लाट आली होती, पण पडद्यामागे काय द्यायचं यावर कंपन्यांचं एकमत नव्हतं. मारुतीची बलेनो ऑक्टोबर २०१५ मध्ये आली तेव्हा तिच्या वरच्या मॉडेलात कारप्ले होतं, अँड्रॉइडवाल्यांना मात्र वाट पाहावी लागली. जानेवारी २०१७ मध्ये इग्निस आली ती दोन्ही घेऊन. टाटाच्या नेक्सॉनचं उलटं: सप्टेंबर २०१७ मध्ये ती अँड्रॉइड ऑटो घेऊन आली आणि कारप्ले मागाहून मिळालं. रेनॉच्या क्विडमध्ये २०१५ पासून सात इंची टचस्क्रीन होता, त्या किमतीत तो मोठाच थाट. पण अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले तिला २०१९ मध्ये मिळाले. इनोव्हा क्रिस्टाला त्यासाठी २०२० ची अखेर उजाडावी लागली.

सगळ्यांत गमतीदार उदाहरण होंडा सिटीचं. २०१७ च्या सिटीमध्ये ‘डिजिपॅड’ नावाचा सात इंची पडदा आला. तो स्वतः अँड्रॉइडवर चालायचा, त्यात वायफाय होतं, मिररलिंक होतं. नव्हतं ते अँड्रॉइड ऑटो. पुढची आवृत्ती, डिजिपॅड २.०, मे २०१८ मध्ये अमेझबरोबर आली तेव्हा तिच्यात दोन्ही प्रोजेक्शन होती. म्हणजे पडद्यात अँड्रॉइड असणं आणि पडद्याला अँड्रॉइड ऑटो येणं या दोन निराळ्या गोष्टी. त्यात भर म्हणून गूगलने गाडीत थेट बसवायच्या प्रणालीला ‘अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह’ असं नाव देऊन ठेवलंय. नावं ठेवण्याच्या बाबतीत या कंपन्यांना आपल्या गल्लीतला एखादा पंडित गाठून द्यायला हवा होता.

म्हणून गाडीचं नाव आणि वर्ष कळलं की उत्तर मिळालं, असं होत नाही. वर्ष म्हणजे तरी कुठलं? नोंदणीचं की बनवल्याचं? डिसेंबरात कारखान्यातून निघालेली गाडी मार्चमध्ये नोंदली जाते आणि मधल्या काळात कंपनीने टेप बदललेला असतो. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, ते पाहावं. मग व्हेरिएंट. एकाच गाडीच्या खालच्या मॉडेलात बटणांचा साधा स्टिरिओ, मधल्यात लहान पडदा, वरच्यात मोठा. ॲपल आणि गूगल या दोघांच्याही संकेतस्थळांवर चालणाऱ्या गाड्यांच्या याद्या आहेत, ॲपलच्या यादीत तर ८०० हून अधिक मॉडेलं आहेत. पण त्या यादीतलं नाव तुमच्या व्हेरिएंटची हमी देत नाही. आणि ‘टॉप मॉडेल’ म्हणजे सगळं असणारच, या समजुतीवरही विसंबू नये. ह्युंदाई आणि कियाच्या क्रेटा, व्हेन्यू, सेल्टॉस, सॉनेट या गाड्यांच्या काही वर्षांच्या मॉडेलांत मधल्या व्हेरिएंटच्या आठ इंची पडद्यावर अँड्रॉइड ऑटो बिनवायरचं चालायचं आणि टॉपच्या सव्वादहा इंची पडद्याला केबल लागायची. जास्त पैसे मोजलेल्यांनी वायर सांभाळली.

मग खात्री करायची कशी? माझ्या मते साक्षीदार एकच, तो म्हणजे स्वतःची केबल. पण तिला बोलतं करायची रीत आहे.

आधी केबल खरी हवी. यूएसबीच्या जुन्या चपट्या तोंडात चार पट्ट्या असतात: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. स्वस्तातल्या पुष्कळ केबलींमध्ये फक्त विजेच्या दोन तारा ओढलेल्या असतात. त्या फोन चार्ज करतात आणि बाकी मौन पाळतात. फोनच्या डब्यातली किंवा जिने लॅपटॉपवर फोटो उतरवता येतात अशी केबल न्यावी. लांबी मीटरभराच्या आत असावी, ही गूगलचीच शिफारस. मग भोक. अनेक गाड्यांत पुढे दोन यूएसबी पोर्ट असतात, त्यातला एक केवळ चार्जिंगचा. विजेच्या चिन्हाशेजारी न लावता फोनचं, गाण्याचं किंवा यूएसबीचं चिन्ह असेल तिथे लावावं. कधीकधी तो आर्मरेस्टच्या डबीत लपलेला असतो.

फोनचीही बाजू तपासावी. अँड्रॉइड १० पासून अँड्रॉइड ऑटो फोनमध्येच येतं, सेटिंग्जच्या शोधपट्टीत नाव टाकलं की सापडतं. आयफोनमध्ये ‘जनरल’खाली ‘कारप्ले’ असतं, पण सिरी बंद असेल तर ते चालत नाही, आणि घरातल्या कुणी ‘स्क्रीन टाइम’मध्ये बंधनं घातली असतील तर तिथेही ते अडकतं. पहिल्यांदा जोडताना गाडी उभी असावी, फोनचं कुलूप उघडं असावं, आणि पडद्यावर येणारे परवानगीचे प्रश्न वैतागून ‘नको’ म्हणत झटकू नयेत. एकदा झटकले की तो फोन त्या गाडीला पुढे दाद देत नाही, मग नोंद पुसून पुन्हा पहिल्यापासून.

एवढं करूनही पडदा ढिम्म राहिला तर गाडीच्या सेटिंग्जमध्ये जावं. काही गाड्यांत प्रोजेक्शन बंद-चालू करायचा पर्याय असतो आणि आधीच्या मालकाने तो बंद ठेवलेला असू शकतो. ‘सिस्टीम इन्फो’मध्ये सॉफ्टवेअरची आवृत्ती दिसते, तिचा फोटो काढून अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारावं. काही मॉडेलांना ही सोय अपडेटने मिळालेली आहे, काहींना ती कधीच मिळणार नाही, आणि हे सांगू शकतील ते तेच. चेसिस क्रमांक दिला तर गाडी नेमकी कुठल्या व्हेरिएंटची म्हणून निघाली, हेही ते सांगू शकतात.

बिनवायरचं हवं असणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथे ब्लूटूथ फक्त ओळख करून देतं, चित्र जातं ते वायफायवरून. म्हणून गाडीत ब्लूटूथ आहे याचा अर्थ अँड्रॉइड ऑटो बिनवायरचं चालेल असा होत नाही. बाजारात डोंगल मिळतात, पण ते केबलवर चालणारं प्रोजेक्शन बिनवायरचं करतात, मुळात नसलेलं आणत नाहीत. हा फरक कळायच्या आत पुष्कळांचे पैसे गेलेले असतात.

मुळात नसेलच तर मग नवा टेप. पुण्यात नाना पेठ आहे, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे, सकाळी गाडी दिली की दुपारी नवा नऊ-दहा इंची पडदा बसतो. इथे दोन प्रश्न विचारावेत. पहिला, “कपलर टू कपलर बसतो का, की वायर कापणार?” वायर कापली की वॉरंटीचा वाद हमखास. दुसरा, “स्टिअरिंगची बटणं आणि रिव्हर्स कॅमेरा चालतील का?” मोठा पडदा पाहून भुलणारे आपण, रात्री सोसायटीत गाडी मागे घेताना कॅमेरा आठवतो. स्वस्तातल्या ‘अँड्रॉइड स्टिरिओ’त कारप्लेच्या नावाखाली भलतंच ॲप भरलेलं असतं, तेव्हा पैसे देण्यापूर्वी आपला फोन लावूनच पाहावा. आणि काही न करता काचेला होल्डर लावून नकाशा पाहणंही वाईट नाही. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे चालवताना रस्ता पाहण्यापुरता फोन वापरायला मुभा आहे, लक्ष विचलित होणार नाही या अटीवर. मी स्वतः तेच करतो.

कोरी गाडी घेणाऱ्यांनीही विचारलेलं बरं. अमेरिकेत जनरल मोटर्सने २०२३ मध्ये आपल्या नव्या विजेच्या गाड्यांतून कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो ही दोन्ही काढायचं ठरवलं. टेस्लाचं दालन जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला उघडलं तेव्हा तिच्या गाडीतही ती नव्हती. पडदा कोणाचा, यावरून फोनवाले आणि गाडीवाले यांच्यात आता ओढाताण आहे.

तिसऱ्या रविवारी आम्ही एक राखाडी हॅचबॅक पाहिली. रंग जरा उतरलेला, टायर बरे. हा एजंट प्रामाणिक होता. “ताई, याच्यात तुमचं ते ऑटो-बिटो येत नाही हां, आधीच सांगतो. त्याचे पाच हजार कमी करतो.” भाचीने मान डोलावली, तरी सवयीने केबल लावली. फक्त चार्जिंग. तिने आर्मरेस्टची डबी उघडली, आतल्या पोर्टमध्ये लावली. काही नाही. मग गाडीच्या सेटिंग्जमध्ये शिरली. ब्लूटूथच्या यादीत आधीच्या मालकाचे दोन फोन अजून होते, आणि त्यांच्याबरोबर अख्खी फोनबुक: ‘आई’, ‘गॅसवाला’, ‘पप्पा ऑफिस’. एक अनोळखी घर त्या सात इंचांत राहून गेलं होतं. तिने ते सगळं एजंटसमोर पुसलं, टेप फॅक्टरी रिसेट केला आणि केबल पुन्हा लावली.

पडदा क्षणभर काळा झाला, मग नकाशा उघडला आणि त्यावर आम्ही उभे होतो ती गल्ली निळ्या ठिपक्यासकट दिसायला लागली.

एजंट खिडकीतून वाकून बराच वेळ पाहत राहिला. “च्यायला,” तो म्हणाला, “चालतं होय हे! मग ते पाच हजारांचं जरा बघू, काका.”