उपकाराची जाण आणि आभाराचे शब्द

'हल्लीच्या मुलांना साधे थँक्यू म्हणायलाही जमत नाही,' अशी तक्रार वडीलधाऱ्यांकडून वारंवार ऐकू येते. उलट तरुण मंडळी म्हणतात, 'आमच्या आजोबांनी आजीला कधी धन्यवाद म्हटल्याचे आम्ही तरी ऐकले नाही.' दोन्ही विधानांत तथ्य आहे. म्हणूनच रोजच्या जीवनातील सौजन्य लोप पावत आहे काय, या प्रश्नाला 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देता येत नाही.

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे दोन तालुके समोर ठेवून आम्ही या प्रश्नाचा विचार करू इच्छितो. घोड आणि भीमा या नद्यांच्या आधाराने येथे ऊस, कांदा आणि ज्वारीची शेती चालते. त्याच तालुक्यांत रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती आहेत. १८७८ साली मनमाडचा लोहमार्ग सुरू झाल्यापासून दौंड हे मोठे रेल्वे जंक्शन आहे. जुनी गावरहाटी आणि नवी धावपळ येथे शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे काय टिकले आणि काय ओसरले, हे येथे चांगले दिसते.

शब्दांवाचून मानलेले आभार

मराठी घरात 'आभार' हा शब्द पूर्वी फारसा वापरात नव्हता. तो सभासमारंभाचा शब्द. तेथेही आभारप्रदर्शन सुरू झाले की श्रोते चपला शोधू लागतात! घरात कोणी आभार मानलेच, तर 'आभार मानून आम्हांला परके करता काय?' असा प्रेमळ दटावणीचा सूर निघतो. आईने वाढलेल्या भाकरीबद्दल तिला धन्यवाद देणे आपल्याला आजही अवघडल्यासारखे वाटते.

याचा अर्थ आपल्या लोकांना उपकाराची जाण नव्हती असा नव्हे. ती कृतीतून प्रकट होत असे. शेजारणीने कालवण पाठवले, तर तिचे भांडे रिकामे परत करायचे नाही, निदान त्यात मूठभर साखर तरी घालायची. गुऱ्हाळावर आलेल्या वाटसरूला उसाचा रस पाजल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचे नाही. शेतीत 'सावड' होती. आज तुम्ही माझ्या रानात राबलात, उद्या मी तुमच्या रानात येणार. 'इर्जिक' असली की गावातील बैल आणि नांगर एकाच्या शेतात उतरत आणि त्याने सर्वांना पोटभर जेवू घालावे, अशी रीत होती. निरोप घेताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणावे, यातही नाते तुटू न देण्याचीच काळजी होती.

तेराव्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी कृतज्ञतेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. आपल्यावर उपकार झाला हे ओळखणे ही पहिली पायरी. ते बोलून दाखवणे ही दुसरी. योग्य वेळी, योग्य ठिकाणी आणि आपल्या ऐपतीप्रमाणे त्याची फेड करणे ही तिसरी. आपली जुनी रीत पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर जाई. मधली पायरी, म्हणजे शब्द, ती बहुधा गाळत असे.

शिरूरमधील एक जुनी नोंद

या कृतीतील कृतज्ञतेची एक विलक्षण नोंद शिरूरशी निगडित आहे. कर्नल विल्यम वॉलेस हा ब्रिटिश अधिकारी १८०९ साली शिरूरच्या लष्करी छावणीत मरण पावला आणि तेथेच त्याला मूठमाती देण्यात आली. ब्रिटिश अमदानीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये म्हटले आहे, की परिसरातील लोक त्याला 'सत्पुरुष' मानतात आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा पहिला वाटा त्याच्या कबरीपाशी नैवेद्य म्हणून आणतात.

यात भक्ती किती आणि भय किती, हे ठरवण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. येथे लक्षात घ्यायचे ते एवढेच, की कबरीतला माणूस परक्या देशाचा, परक्या धर्माचा आणि परक्या सत्तेचा होता. तरीही पीक हाती आल्यावर 'हे सारे माझ्या एकट्याच्या बळावर आले नाही' असे त्या शेतकऱ्याला वाटले आणि पहिली ओंजळ त्याने स्वतःच्या घरात नेली नाही. आभाराचे मूळ याच जाणिवेत असते.

मग बदलले काय?

ट्रॅक्टर आल्यावर इर्जिकीची गरज उरली नाही आणि सावडीची जागा रोजंदारीने घेतली. यात वाईट काही नाही. रोख मजुरीमुळे अनेक कष्टकऱ्यांच्या हाती प्रथमच स्वतःचा पैसा आला. परंतु पैसे चुकते केले की विषय संपला, अशी सवयही त्याबरोबर लागली. आता दुकानात मोबाईलवरून पैसे दिले, की रक्कम मिळाल्याचे गल्ल्याजवळची छोटी पेटीच मोठ्याने सांगते. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांनी एकमेकांकडे पाहण्याचेही कारण उरत नाही.

दुसरीकडे आभाराचे शब्द मात्र उदंड झाले आहेत. वाढदिवसाच्या फलकांवर 'सर्वांचे मनःपूर्वक आभार' झळकतात. भ्रमणध्वनीवर जोडलेल्या हातांचे चित्र एका स्पर्शाने शंभर जणांना जाते. शब्द वाढले, पण ते नेमके कोणासाठी आहेत, हे धूसर झाले. पूर्वी मधली पायरी गाळली जात होती. आता तीच तेवढी उरते की काय, अशी शंका येते.

जुन्या सौजन्याची दुसरी बाजू

तथापि, गतकाळाचे गोडवे गाताना सावध राहिले पाहिजे. जुने सौजन्य सर्वांना सारखे मिळत नव्हते. ज्यांच्या श्रमांवर गाव उभे होते, त्या दलित बांधवांनी वाकून 'जोहार' घालावा आणि बलुत्याचा वाटा उपकार म्हणून स्वीकारावा, अशी अपेक्षा असे. वास्तविक ऋणी होते ते गाव. गेल्या शतकात आंबेडकरी चळवळीने 'जोहार' टाकून 'जय भीम' हे बरोबरीचे अभिवादन स्वीकारले. वरवर पाहता एक जुनी रीत मोडली, पण सौजन्य त्यामुळे घटले नाही. ते अधिक खरे झाले, कारण ज्या नमस्काराला उत्तर मिळत नाही त्याला सौजन्य म्हणता येत नाही.

हीच कसोटी आजच्या आपल्या वागण्याला लावून पाहावी. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार या तालुक्यांत येतात. थंडीत कोप्यांत राहतात, पहाटे फडात उतरतात आणि हंगाम संपताच निघून जातात. त्यांच्यापैकी किती जणांची नावे आपल्याला ठाऊक असतात? कारखान्यांत परप्रांतांतून आलेला कामगार आपल्या बोलण्यात केवळ 'ए भैय्या' असतो. कार्यालय झाडणाऱ्या पन्नाशीच्या बाईंना विशीतला कर्मचारी 'तू' म्हणतो आणि साहेबांना 'आपण'. 'मावशी, तुम्ही' म्हणायला पैसे पडत नाहीत.

आपल्या धर्मग्रामातही याहून फार वेगळे घडत नाही. सणाच्या कार्यक्रमाअखेर पाहुण्यांचे आणि देणगीदारांचे सविस्तर आभार मानले जातात. रात्री मंडपातील खुर्च्या उचलणारा मुलगा त्या यादीत क्वचितच असतो.

परत फिरणारा एक जण

लूकच्या शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोग्यांचा प्रसंग सर्वांना परिचित आहे. आभार न मानणाऱ्या नऊ जणांना आपण चटकन दोष देतो. पण येशूने त्यांना याजकांकडे जाण्यास सांगितले होते आणि ते तिकडेच निघाले होते. त्यांनी नियम मोडला नाही, फक्त ते मागे वळले नाहीत. मागे वळला तो शोमरोनी, म्हणजे परका माणूस. बिल चुकते करून पाठ फिरवणारे आपणही नियम मोडत नाही. उणीव असते ती मागे वळून पाहण्याची.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १३ मे २०१५ रोजी भाविकांशी बोलताना कुटुंबासाठी तीन शब्द आवश्यक असल्याचे सांगितले होते. एक परवानगी मागणारा, दुसरा आभार मानणारा आणि तिसरा क्षमा मागणारा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, कुटुंबविषयक 'अमोरिस लेतित्सिया' या पत्रातही त्यांनी त्यांचा पुनरुच्चार केला. हे शब्द परक्या भाषेतूनच आणले पाहिजेत असे मुळीच नाही. 'जरा आत येऊ का?', 'तुम्ही होतात म्हणून निभावले', 'चुकले माझे' ही आपलीच वाक्ये आहेत आणि 'थँक्यू', 'सॉरी' यांच्यापेक्षा ती जिभेवर थोडी जड वाटतात. जड वाटतात, कारण ती समोरच्या माणसाकडे पाहूनच म्हणावी लागतात.

आपण ज्याला मिस्साबली म्हणतो, त्या युखरिस्त विधीच्या मूळ ग्रीक नावाचा अर्थच 'आभारप्रदर्शन' असा आहे. वेदीवरची भाकर कोणीतरी पेरलेल्या, कापलेल्या आणि दळलेल्या गव्हाची असते. वेदीपाशी आभार मानून बाहेर पडणाऱ्याने त्या हातांनाही ओळख दिली पाहिजे.

तेव्हा सौजन्य लोप पावले म्हणून हळहळण्यापेक्षा तीनही पायऱ्या पुन्हा जोडण्याचा प्रयत्न करू या. मुलांना 'धन्यवाद' म्हणायला अवश्य शिकवावे. त्याबरोबर शेजारचे भांडे रिकामे न पाठवण्याची रीतही त्यांना दाखवावी. या आठवड्यात, ज्यांना आपण आजवर एकदाही आभाराचा शब्द बोललो नाही अशा एका व्यक्तीचे नाव विचारावे आणि त्या नावाने हाक मारून आभार मानावेत. पुढे कधी त्या व्यक्तीला आपली गरज पडली, तर दाराशी उभे राहावे.