पत्रा मारू की साफ करू?

रविवारी सकाळी ग्रुपवर मेसेज पडला, ‘जीपचा ईजीआर उडवायचा ठरलंय. गॅरेजवर या, नंतर मिसळ माझ्याकडून.’ मिसळ म्हटल्यावर आम्ही तिघं हजर!

ही चौदा वर्षांची डिझेल जीप मित्राने पार्टटाइम कामाचे पैसे साठवून आणि उरलेले बाबांकडून उधार घेऊन सेकंड हँड घेतली. मुळशीच्या चिखलात दोन पावसाळे तिने धमाल करून दिली. यंदा मात्र ताम्हिणीचा चढ आला की तिला दम लागायचा. पिकअप गेलेला, अ‍ॅव्हरेज घसरलेलं आणि मागे काळा धूर. ऑफरोडिंगला येणाऱ्या एका सीनियरने लगेच उपाय सांगितला, ‘ईजीआरला पत्रा मार, सायलेन्सरमधलं कॅट काढून सरळ पाइप टाक. गाडी उडेल!’

आता हा ईजीआर म्हणजे काय? इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातला थोडा भाग पुन्हा आत सोडणारा व्हॉल्व्ह. जळून गेलेला वायू पुन्हा आत कशाला, असं आम्हालाही वाटलं. पण त्याने सिलिंडरमधलं तापमान खाली राहतं. ते फार वाढलं की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. फुप्फुसांना त्रास देणारे, उन्हात जमिनीलगतचा ओझोन तयार करायला मदत करणारे. कॅटचं, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम वेगळं. डिझेल गाडीत ते कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेलं इंधन निकामी करतं.

‘काका, पत्रा मारून टाका ना,’ मित्र म्हणाला.

‘मारतो रे. पण आधी खोलून तर बघू.’

काकांनी व्हॉल्व्ह काढला आणि आम्ही बघतच राहिलो. आत डांबरासारखा काळा लगदा! धुरातली काजळी आणि इंजिनातून येणारी तेलाची वाफ एकत्र होऊन हा थर बसतो. ट्रॅफिकमध्ये रांगत, जवळजवळच्या फेऱ्या मारत गाडी चालवली की जास्तच. त्यामुळे व्हॉल्व्ह अर्धवट उघडाच अडकला होता. म्हणजे जोर लावायच्या वेळीही धूर आत जात होता आणि ताज्या हवेला जागा कमी पडत होती.

खरी गंमत इथेच आहे. चांगल्या स्थितीतला ईजीआर आपण पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की जवळपास बंदच होतो. म्हणजे चढावरची ताकद तो खात नाही. खातो तो अडकलेला ईजीआर. पत्रा मारल्यावर ‘गाडी उडाली’ असं सांगणाऱ्या अनेकांच्या गाड्या नुसत्या साफ केल्या असत्या तरी उडाल्या असत्या. शिवाय अशा इलेक्ट्रॉनिक इंजिनात पत्रा मारला की चेक इंजिनचा दिवा लागू शकतो. मग तो घालवायला रिमॅप. एका पत्र्यापायी खर्चाची रांग!

‘पण पीयूसी तर पास होते,’ सीनियरचा मुद्दा. बरोबर आहे. डिझेल गाडीच्या पीयूसीत न्यूट्रलवर अ‍ॅक्सिलरेटर दाबून धूर किती प्रकाश अडवतो, एवढंच मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. उलट ईजीआर बंद केला की काजळी कमी होते, म्हणजे कागदावर गाडी आणखी स्वच्छ! चाचणीत स्वच्छ आणि रस्त्यावर घाण, हे आपण मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या पकडल्या गेल्या, त्या चाचणी ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. रस्त्यावर त्या मर्यादेच्या ४० पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या.

आपल्याकडे बीएस-३ मध्ये डिझेल कारला किलोमीटरमागे ०.५० ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती. बीएस-४ मध्ये ती ०.२५ झाली, बीएस-६ मध्ये ०.०८. कायदाही आता नुसता ओरडत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय गाडीत बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रदूषणाचे नियम मोडल्याचा दंड १० हजारांपर्यंत. आणि मित्राच्या जीपला पुढच्या वर्षी १५ वर्षं पूर्ण होणार. रजिस्ट्रेशन पुढे चालू ठेवायचं तर आरटीओत फिटनेस तपासणी आलीच. तिथे कॅट गायब दिसलं तर? बाबांचे पैसे अजून फिटायचेत.

जुन्या जीपवाल्यांचं म्हणणं, ‘आमच्या गाड्यांना हे काहीच नव्हतं.’ खरंय. डिझेलसाठी धुराचे नियमच नव्वदच्या दशकात आले. पण तेव्हा रस्त्यावर गाड्या किती होत्या आणि आता किती आहेत, हेही बघायला हवं ना? आणि चिखलात अडकलेली जीप ढकलायला मागे कोण उभं असतं? आपलेच मित्र. पहिला धूर त्यांच्याच नाकात.

काकांनी व्हॉल्व्ह आणि इनटेक मॅनिफोल्ड साफ केलं, टर्बोचा फाटलेला पाइप बदलला, एअर फिल्टर नवा टाकला. कॅट जागेवर राहिलं. संध्याकाळी ताम्हिणीत जीप तिसऱ्या गिअरवर चढली. रॉकेट झाली नाही, पण दमलीही नाही. मित्र सीनियरला व्हिडिओ पाठवण्यात इतका गुंग झाला, की मिसळीचं बिल आम्हालाच भरावं लागलं!