गोष्टीतील चित्रे काय सांगतात?

विक्रम आणि वेताळ यांच्या कथा ज्यांनी ‘चांदोबा’ मासिकातून वाचल्या, त्यांना शब्दांच्या आधी चित्र आठवते. राजाच्या खांद्यावर प्रेत, हाती तलवार आणि सभोवती स्मशान! के. सी. शिवशंकरन् ऊर्फ शंकर यांच्या त्या चित्रात देखावा भेसूर आहे खरा. परंतु राजाचे पाऊल पुढेच पडत असते. प्रसंग भीतीचा आहे, राजा मात्र भ्यालेला नाही, हे अक्षरे जुळवीत वाचणाऱ्या मुलासही तत्काळ उमगते.

‘तो रागावला’ या वाक्याने भावनेचे नाव कळते. तो किती रागावला, हे कळत नाही. ते माप चित्र देते. पुष्कळ पुस्तकांतील चित्रे मात्र मजकुराची पुनरुक्तीच करतात. झाड लिहिले की झाड काढावयाचे! त्याने पान भरते, एवढेच.

याउलट अमेरिकन चित्रकार मॉरिस सेंडाक यांचे १९६३ साली प्रसिद्ध झालेले ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ हे पुस्तक पाहावे. लांडग्याचा वेष घातलेला मॅक्स घरात दांडगाई करतो आणि आई त्याला उपाशीच झोपावयास पाठविते. आरंभीचे चित्र लहान असून त्याभोवती पुष्कळ कोरी जागा आहे. जणू मुलाचा राग तेवढ्याशा चौकटीत कोंडला आहे. पुढे खोलीत अरण्य उगवते, तसतसे चित्र वाढत जाऊन सबंध पान व्यापते. मॅक्स अक्राळविक्राळ प्राण्यांचा राजा होतो आणि धिंगाणा सुरू होतो. तेथे लागोपाठ तीन जोडपानांवर एकही शब्द नाही! राग भरात असता माणसाला शब्द सुचत नाहीत, हा अनुभव आपणां सर्वांचाच आहे. ते प्राणी दात विचकतात, पण त्यांचे वाटोळे देह पाहून मुलांना भीतीबरोबर हसूही येते. म्हणजे हे सारे खेळातले आहे, असा गोष्टीचा सूर चित्रच धरून ठेवते.

मग चित्रे पुन्हा आक्रसू लागतात. मॅक्सला घराची आठवण होते. तो खोलीत परततो तेव्हा लांडग्याची टोपी डोक्यावरून मागे सरलेली असते आणि त्याचे वाढलेले जेवण तेथे असते. आई संबंध पुस्तकात एकदाही दिसत नाही. शेवटच्या पानावर तर चित्रच नाही. ते जेवण अद्याप गरम होते, एवढाच मजकूर तेथे आहे. आईचा राग ओसरला, हे ना चित्राने सांगितले, ना शब्दांनी. तरी ते मुलांना कळते.