कर्ण कसा घडला?

हर्णे बंदराच्या पुळणीवर भरतीबरोबर पुष्कळ वस्तू वाहून येतात. कधी फुटकी फळी, कधी जाळ्याचा तुटका दोर. पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, हे आले कोठून? वस्तूला त्याचे सोयरसुतक नसते. परंतु वाहून आलेले ते मूल असले तर?

महाभारतातील कर्ण असाच वाहत आला. कुमारी कुंतीने लोकलज्जेस्तव त्याला पेटीत घालून अश्वनदीत सोडले. तेथून चर्मण्वती, यमुना व गंगा असा प्रवास करीत ती पेटी चंपानगरीजवळ अधिरथ सारथ्याच्या हाती लागली. शिवाजी सावंत यांनी १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मृत्युंजय’ या कादंबरीत हीच कथा घेतली. तीत कर्ण, कुंती, धाकटा शोण आपापली हकिगत स्वतःच सांगतात. पात्राचा स्वभाव लेखक वरून चिकटवीत नसतो. त्याची मुळे बालपणात असतात.

कर्णाला मायेची वाण नव्हती. राधेने त्याला पोटच्या मुलासारखे वाढविले. मग घाव बसला कोठे? रंगभूमीवर. अर्जुनाशी द्वंद्व करावयास तो उभा राहिला आणि कृपाचार्यांनी त्याचे कुळ विचारले. त्याची मान खाली गेली. एवढ्या समुदायात तो एकटा पडला. आणि त्या क्षणी अंगदेशाचे राज्य देऊन ज्याने हात पुढे केला, तो नेमका दुर्योधन होता!

पुढे श्रीकृष्णाने जन्माचे रहस्य सांगितले, तेव्हा राज्य कर्णाच्या पायाशी आले होते. त्याने ते नाकारले. जिने माझी मलमूत्रे काढली त्या राधेला कसा अंतरू, हा त्याचा सवाल. जो स्वतः टाकला गेला त्याच्याने दुसऱ्याला टाकवत नाही. त्याच्या स्वभावाची किल्ली मला येथे सापडते. मात्र याच निष्ठेने त्याला अधर्माशी बांधून ठेवले, आणि द्यूतसभेत द्रौपदीविषयी त्याने काढलेले उद्गार कोणत्याही दुःखाने धुऊन निघत नाहीत. माझे विद्यार्थी यावर वर्गात भांडत. मी त्यांना भांडू देत असे.

आणि कुंती? तीही दिलेलीच मुलगी. शूरसेनाने आपली पृथा कुंतिभोजाला दिली, तेव्हा ती चेंडूशी खेळत होती. उतारवयातही त्याबद्दल ती पित्याला दोष देते. मग तिने आपले मूल कसे सोडले? माझी किल्ली येथे चालत नाही, असे तुम्ही म्हणाल. कर्णाला राधा भेटली. कुंतीच्या वाट्याला लहान वयातच कोपिष्ट दुर्वासांची सेवा आली. तिला कोणी राधा भेटली होती काय? कादंबरीतील कुंतीची हकिगत वाचताना हे शोधून पाहा.